विश्लेषण : एकच इंजेक्शन, पण निकाल दोन! आरोग्य संशोधनातील ‘पुरावा’ कसा जोखतात?

मुदतीआधी जन्मणाऱ्या बाळांची फुप्फुसे सक्षम करणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन पन्नास वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. त्याच्या बाजूने भक्कम पुरावा असूनही ते रुग्णालयांत रुळायला दोन दशके गेली. पुढे तेच इंजेक्शन गावोगावी पोहोचवण्याचा प्रयोग नागपूर आणि बेळगावसह सात ठिकाणी झाला, तेव्हा नवजात मृत्यू घटण्याऐवजी वाढलेले दिसले. औषध तेच, मात्राही तीच. मग फरक कुठे पडला?

हे इंजेक्शन कोणते?

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेल्या प्रसूतीला मुदतपूर्व प्रसूती म्हणतात. २०२० मध्ये जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळे अशी मुदतीआधी जन्मली आणि त्यांतील सुमारे ३० लाख एकट्या भारतातील होती. सातव्या महिन्यात कळा सुरू झालेली स्त्री रुग्णालयात पोहोचली, की डॉक्टर प्रसूती एक-दोन दिवस तरी लांबवता येते का ते पाहतात आणि त्या अवधीत तिला डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन देतात. यातले डेक्सामेथासोन हे नाव करोनाकाळात घराघरांत पोहोचले होते. भारतात त्याची रूढ मात्रा ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, अशी चार वेळा आहे. टोचले जाते आईला, पण औषध असते बाळासाठी.

बाळाची फुप्फुसे पोटात असताना द्रवाने भरलेली असतात. जन्मानंतर पहिल्या काही श्वासांत तो द्रव हटून सूक्ष्म वायुकोश हवेने फुगावे लागतात आणि मुख्य म्हणजे श्वास सोडल्यावरही ते पूर्ण मिटता कामा नयेत. ओल्या प्लास्टिक पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात, तशाच या वायुकोशांच्या ओल्या भिंती पृष्ठताणामुळे चिकटू पाहतात. ते टाळण्यासाठी फुप्फुसातील काही पेशी साबणासारखे काम करणारा एक स्निग्ध पदार्थ तयार करतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत तो पुरेसा तयार होतो. त्याआधी आलेल्या बाळाला मात्र प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो. छाती आत ओढली जाते, बाळ कण्हते, दमते आणि अखेर थकून जाते. हा आजार सर्फॅक्टंटच्या अभावाने होतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. पण कारण कळले म्हणजे उपाय सापडला असे नव्हे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांच्या आत याच आजाराने गेला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान घरालाही तेव्हा काही करता आले नाही.

मेंढ्यांचा संबंध कुठे आला?

न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये ग्रॅहम लिगिन्स हे प्रसूतितज्ज्ञ वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होते. प्रसूती नेमकी सुरू कशामुळे होते, हे त्यांना शोधायचे होते. मेंढीच्या पोटातील कोकराला स्टिरॉइड दिले तर प्रसूती लवकर होते, असे त्यांना दिसले. मेंढीचे दिवस साधारण १५० भरतात. त्यांच्या प्रयोगातले एक कोकरू ११७ व्या दिवशीच जन्मले. एवढ्या लवकर आलेले कोकरू जगत नाही, पण हे सकाळी जिवंत सापडले आणि श्वासही घेत होते. नंतर तपासले तेव्हा त्याच्या फुप्फुसांत काही प्रमाणात हवा शिरलेली होती.

स्टिरॉइडने फुप्फुसे वेळेआधी पिकवली असावीत, अशी शंका लिगिन्स यांना आली. तिला शरीरक्रियाशास्त्राचा आधारही होता. मुदत जवळ येते तसे गर्भाच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी अधिक कॉर्टिसॉल तयार करू लागतात आणि तोच फुप्फुसांना तयारीचा इशारा असतो. बाहेरून दिलेले स्टिरॉइड त्या इशाऱ्याची नक्कल करते. मात्र कोणतेही स्टिरॉइड चालत नाही. प्रेडनिसोलोनसारखी औषधे आईला दिली तर वार त्यांचा बराचसा भाग निष्प्रभ करते. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन मात्र वारेतून पार होऊन बाळापर्यंत पोहोचतात.

कोकराचा निष्कर्ष थेट माणसाला लावायचा मोह इथे सहज झाला असता. लिगिन्स आणि त्यांचे बालरोगतज्ज्ञ सहकारी रॉस हॉवी यांनी तो टाळला. त्यांनी मुदतपूर्व प्रसूतीचा धोका असलेल्या २८२ स्त्रियांची चाचणी केली. कोणाला औषध आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. १९७२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. अचानक कळा सुरू झालेल्या स्त्रियांच्या बाळांत सुरुवातीच्या दिवसांतील मृत्यूचे प्रमाण औषधाविना १५ टक्के होते आणि औषध दिलेल्या गटात ते ३.२ टक्के निघाले. श्वसनाचा तो आजार २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला.

मग २० वर्षे का गेली?

एवढा निकाल हाती असताना जगभरच्या प्रसूतिगृहांनी ते औषध लगेच उचलायला हवे होते, असे आज वाटते. तसे झाले नाही. पुढची वीस वर्षे बहुसंख्य डॉक्टरांनी ते वापरले नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत ज्यांना ते मिळायला हवे होते, त्या पाच स्त्रियांपैकी एकीलाही ते धड मिळत नव्हते.

डॉक्टर निष्काळजी होते म्हणून असे झाले, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पहिल्या चाचणीनंतर इतरही अनेक झाल्या. त्यांतल्या बऱ्याच लहान होत्या. शे-दीडशे स्त्रियांच्या चाचणीत दोन-चार मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी निष्कर्ष पालटतो. नाणे दहा वेळा उडवून सात वेळा छापा आला, म्हणून नाणे खोटे ठरत नाही, तसेच हे. त्यामुळे एखाद्या चाचणीत फायदा दिसे, दुसरीत ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय फरक नाही’ असा शेरा येई. सुटीसुटी वाचणाऱ्याला वाटे, की तज्ज्ञांतच एकमत नाही, तर घाई कशाला? शिवाय स्टिरॉइडने संसर्ग वाढेल, बाळाच्या वाढीवर परिणाम होईल, ही भीती होतीच आणि ती निराधारही नव्हती.

‘लक्षणीय फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही. अनेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की, फरक दिसावा इतकी माणसे त्या चाचणीत नव्हती. आरोग्यविषयक बातम्यांत आजही होणारी ही सर्वांत मोठी गल्लत असावी.

पुराव्याचा आढावा म्हणजे नेमके काय?

आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७९ मध्ये वैद्यक व्यवसायावर एक परखड टीका केली. प्रत्येक शाखेतील सर्व यादृच्छिक चाचण्या एकत्र करून, पारखून, त्यांचा सारांश वेळोवेळी अद्ययावत करण्याची व्यवस्थाच डॉक्टरांनी उभी केलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुराव्याच्या वापरात त्यांनी प्रसूतिशास्त्राला शेवटचा क्रमांक दिला. ही टीका ऑक्सफर्डमधील इयन चाल्मर्स यांनी मनावर घेतली. गर्भारपण आणि प्रसूतीविषयीच्या चाचण्या त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जमवायला सुरुवात केली. संगणकावर शब्द टाकून शोधण्याची सोय तेव्हा तुटपुंजी होती. जुन्या नियतकालिकांचे अंक एकेक पान उलटून पाहावे लागत. त्या कामातून १९८९ मध्ये एक मोठा द्विखंडी ग्रंथ तयार झाला. त्याच्या प्रस्तावनेत कॉक्रन यांनी आपला तो शेरा जाहीरपणे मागे घेतला. ग्रंथ बाहेर आला तेव्हा मात्र ते हयात नव्हते.

स्टिरॉइडच्या चाचण्यांचा आढावा पॅट्रिशिया क्रॉली यांनी घेतला. अशा आढाव्यात आधी प्रश्न नेमका ठरवतात. कोणत्या स्त्रिया, कोणते औषध, कशाशी तुलना आणि काय मोजायचे, हे ठरते. मग त्या प्रश्नात बसणाऱ्या सगळ्या चाचण्या शोधतात. यातला ‘सगळ्या’ हा शब्द कळीचा आहे, कारण सोयीच्या निवडल्या तर कोणताही निष्कर्ष काढता येतो. औषधाच्या बाजूचे निकाल चटकन छापून येतात आणि विरोधातले कपाटात पडून राहतात, म्हणून अप्रकाशित चाचण्यांचाही माग काढावा लागतो. त्यानंतर प्रत्येक चाचणीची पद्धत तपासतात. चिठ्ठ्या खरेच टाकल्या होत्या, की अधिक गंभीर रुग्ण नकळत एका गटात गेले? किती जण मध्येच गळाले? शेवटी उरलेल्या आकड्यांना त्यांच्या वजनानुसार एकत्र करतात. हजार स्त्रियांच्या चाचणीला शंभराच्या चाचणीपेक्षा अर्थातच जास्त वजन मिळते.

याचे चित्र काढले तर मध्ये एक उभी रेघ येते. ती रेघ म्हणजे ‘औषधाने काहीही फरक नाही’. प्रत्येक चाचणीसाठी एक आडवी रेघ असते. आडवी रेघ जितकी लांब तितकी त्या चाचणीची अनिश्चितता जास्त. आडवी रेघ उभ्या रेघेला छेदत असेल, तर त्या चाचणीला एकटीने छातीठोकपणे काही सांगता येत नाही. स्टिरॉइडच्या सुरुवातीच्या चाचण्यांच्या बऱ्याच रेघा अशाच उभ्या रेघेला छेदतात. पण जवळजवळ सगळ्या झुकलेल्या असतात एकाच बाजूला. तळाशी सर्वांचा एकत्रित निकाल दाखवणारा छोटा चौकट-आकार असतो आणि तो उभ्या रेघेपासून स्पष्टपणे दूर, फायद्याच्या बाजूला उभा आहे. अपुऱ्या वाढीमुळे होणाऱ्या मृत्यूची शक्यता ३० ते ५० टक्क्यांनी कमी होते, असा त्याचा अर्थ होता.

१९९३ मध्ये चाल्मर्स आणि सहकाऱ्यांनी कॉक्रन यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिच्या बोधचिन्हात हेच चित्र आहे, याच इंजेक्शनच्या सात चाचण्यांचे. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञ परिषद घेऊन औषधाची शिफारस केली आणि त्यानंतर वापर झपाट्याने वाढला. दरम्यानच्या काळात जी बाळे वाचली असती ती गेली. पुरावा तेव्हाही उपलब्ध होताच, फक्त तो कोणी एका जागी मांडलेला नव्हता.

नागपूर-बेळगावात काय झाले?

गोष्ट इथे संपली असती तर ती सोपी होती. पण हा सगळा पुरावा प्रामुख्याने श्रीमंत देशांतील मोठ्या रुग्णालयांतला होता. मुदतपूर्व जन्मलेली बाळे सर्वाधिक दगावतात ती गरीब देशांत, गावांत आणि लहान दवाखान्यांत. औषध स्वस्त, टोचायला सोपे. मग ते थेट उपकेंद्रापर्यंत का नेऊ नये, असा विचार जोर धरू लागला. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये त्याच्या वापराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झालेल्या स्त्रीला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस एएनएमनेही द्यावा, अशी मुभा त्यात होती. हेतू चांगला होता आणि तर्कही सरळ होता.

त्याच सुमारास एक मोठी चाचणी सुरू होती. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान, झांबिया आणि भारत या सहा देशांतील सात ठिकाणी ती झाली. भारतातली दोन ठिकाणे बेळगाव आणि नागपूर. यात चिठ्ठी एकेका स्त्रीसाठी न टाकता संपूर्ण वस्ती-समूहांसाठी टाकली गेली. काही समूहांत आरोग्य कर्मचाऱ्यांना मुदतपूर्व प्रसूतीचा धोका ओळखण्याचे आणि इंजेक्शन देण्याचे प्रशिक्षण आणि साहित्य मिळाले, उरलेल्यांत नेहमीची सेवा चालू राहिली. एकूण सुमारे एक लाख जन्मांची नोंद झाली. पन्नास वर्षांच्या या इतिहासात एवढ्या मोठ्या प्रमाणावर, तेही प्रत्यक्ष गावपातळीवर, कोणी पाहिले नव्हते.

२०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. औषध अधिक स्त्रियांपर्यंत पोहोचले, एवढा भाग यशस्वी झाला. ज्या बाळांसाठी हे सारे होते, त्या सर्वांत कमी वजनाच्या बाळांतील २८ दिवसांतले मृत्यू हजारी २२५ होते. नेहमीच्या सेवेच्या गटात ते २३२ होते. म्हणजे व्यवहारात फरक नाही. पण सगळी बाळे मिळून पाहिले तेव्हा औषधाच्या गटात मृत्यू हजारी २७.४ आणि दुसऱ्या गटात २३.९ निघाले. हजारामागे साडेतीन बाळे जास्त गेली. आकडा लहान वाटतो, पण औषधाच्या गटात सुमारे ४८ हजार जन्म होते. त्या हिशेबाने ही दीडशेहून अधिक बाळे होतात. कमी वजनाच्या बाळांच्या मातांत संसर्गाचा संशयही वाढलेला होता, सुमारे सहा टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर.

फायदा देणारे औषध अपायकारक कसे ठरले?

नेमके कारण त्या चाचणीने सिद्ध केले नाही. तरी काही दुवे स्पष्ट आहेत. इंजेक्शन कोणाला द्यायचे हे गर्भाचे वय कळल्याशिवाय ठरवता येत नाही. गावात सोनोग्राफी नाही, शेवटच्या पाळीची तारीख आठवत नाही. मग पोटाची उंची मोजण्याच्या फितीवरून अंदाज बांधला जाई. पोट लहान दिसते म्हणजे दिवस कमी, असे नेहमीच नसते. कुपोषित आईचे बाळही लहान असते, दिवस पूर्ण भरले तरी. परिणामी ज्यांना इंजेक्शन मिळाले त्यातल्या बहुतेक स्त्रियांची बाळे तितकी लहान निघालीच नाहीत. फुप्फुसे तयार असलेल्या बाळाला या औषधाचा लाभ नाही. जो काही परिणाम व्हायचा, तो वाईटच होणार.

दुसरा दुवा संसर्गाचा. स्टिरॉइड शरीराची प्रतिकारशक्ती दाबते. पिशवीतले पाणी आधीच गेलेले, योनिमार्गे संसर्ग चढलेला आणि ताप लपलेला असेल, तर ते दाबणे घातक ठरू शकते. मोठ्या रुग्णालयात रक्त तपासले जाते, प्रतिजैविके तयार असतात. गावात यातले काहीच हाताशी नसते.

तिसरा दुवा सर्वांत साधा आहे आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित राहिला. ऑकलंडमधील बाळाला इंजेक्शनबरोबर ऑक्सिजन, ऊब, नळीने दूध आणि चोवीस तास पाहणारी परिचारिका मिळत होती. चाचणीत मोजले गेले ते इंजेक्शन, पण काम करत होती ती सगळी व्यवस्था मिळून. व्यवस्था मागे ठेवून फक्त कुपी गावात नेली, तर ऑकलंडचा आकडा तिच्यासोबत येईलच असे नाही.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील ३९ गावांत उलट्या टोकापासून सुरुवात केली. प्रशिक्षित गावकरी स्त्री घरी जाऊन नवजात बाळाला तपासे, ऊब देई, श्वास कोंडला तर मदत करी, संसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देई. तुलनेसाठीच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्के घटला, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हे इंजेक्शन नव्हते. त्या अभ्यासात गावे चिठ्ठीने निवडलेली नव्हती, ही मर्यादा नोंदवायला हवी. पण तो पुरावा ज्या परिस्थितीत लागू करायचा होता, त्याच परिस्थितीत गोळा झालेला होता. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत चालणाऱ्या घरच्या घरी नवजात काळजी कार्यक्रमामागे हेच काम आहे.

मग कोणता निकाल खरा?

दोन्ही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या शिफारशीत औषध नाकारले नाही, त्याला अटी घातल्या. गर्भाचे वय खात्रीने माहीत हवे, प्रसूती खरोखर जवळ आलेली हवी, आईला संसर्ग नसावा, प्रसूतीची योग्य सेवा हवी आणि जन्मणाऱ्या अपुऱ्या बाळाची काळजी घेण्याची सोय हवी.

या अटी पाळल्या तर गरीब देशांतही फायदा होतो का? हे विचारण्यासाठी संघटनेने भारत, बांगलादेश, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातील २९ रुग्णालयांत नवी चाचणी घेतली. अर्ध्या स्त्रियांना डेक्सामेथासोन आणि अर्ध्यांना औषध नसलेले, पण तसेच दिसणारे इंजेक्शन दिले. पन्नास वर्षांपासून जीव वाचवणारे म्हणून ठाऊक असलेले औषध अर्ध्या स्त्रियांना न देणे नैतिक आहे का, हा आक्षेप स्वाभाविक होता. आधीच्या निकालानंतर मात्र खरी अनिश्चितता निर्माण झाली होती आणि न तपासता सर्वांना देणे हाही एक प्रयोगच ठरला असता, फक्त नोंद न ठेवलेला. गर्भाचे वय सोनोग्राफीनेच ठरवले गेले. २,८५२ स्त्रिया सहभागी झाल्यावर फायदा इतका स्पष्ट झाला, की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले होते. आईच्या संसर्गात वाढ दिसली नाही.

हाच निकाल ‘मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी घटला’ असाही सांगता येतो आणि ‘दर शंभर बाळांत सुमारे चार जास्त जगली’ असाही. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात मूळ धोका किती होता हे लपते, म्हणून मथळ्यांना तो आवडतो. डॉक्टरच्या उपयोगाचा आकडा तिसराच आहे. साधारण २५ स्त्रियांना इंजेक्शन दिले की एक बाळ वाचते.

कॉक्रनच्या २०२० च्या अद्ययावत आढाव्यात २७ चाचण्या आणि ११ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. मुदतपूर्व प्रसूतीत औषधाचा फायदा त्यातही ठाम राहिला. मात्र हा निष्कर्ष प्रामुख्याने रुग्णालयांतल्या स्त्रियांचा आहे, हे वाचताना सुटता कामा नये.

मोठेपणी काही परिणाम होतो का?

लिगिन्स-हॉवी चाचणीतील बाळे आता पन्नाशीच्या घरात आहेत. त्यांतल्या पाचशेहून अधिक जणांना वयाच्या तिशीत पुन्हा तपासले गेले. हृदयविकाराच्या धोक्यात फरक आढळला नाही, इन्सुलिनला शरीर देत असलेल्या प्रतिसादात किंचित फरक दिसला. एखाद्या औषधाच्या पहिल्याच चाचणीतील बाळांना तीस वर्षांनी शोधून काढणे, ही या साऱ्या इतिहासातील कदाचित सर्वांत कौतुकाची गोष्ट असावी.

फिनलंडमधील सहा लाख ७० हजार मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये आला. इंजेक्शन मिळालेल्या मुलांत मानसिक आणि वर्तनविषयक निदानांचे प्रमाण जास्त होते आणि दिवस पूर्ण भरून जन्मलेल्यांतही ते जास्त दिसले. हा केवळ नोंदींचा अभ्यास आहे, इथे चिठ्ठी टाकलेली नाही. मुदतीआधी कळा येण्यामागे जे कारण होते, त्याचाच हा परिणाम असू शकतो. संशोधकांनी भावंडांची तुलना करून ती शक्यता तपासली, तरी ती पूर्ण मिटत नाही. म्हणून यावरून इंजेक्शन टाळणे चूक ठरेल. पण ‘द्यायला काय जाते’ म्हणून सरसकट देणेही तितकेच चूक.

हा मोह ३४ आठवड्यांनंतर जास्त होतो. २०१६ च्या एका अमेरिकी चाचणीत ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळांत श्वसनासाठी मदतीची गरज १४.४ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली, पण रक्तातील साखर घसरण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले. साखर वेळेवर तपासणारे कोणी असेल तर ठीक. या वयात ठरवून केल्या जाणाऱ्या सिझेरियनआधी हे इंजेक्शन देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

गावातल्या स्त्रीसाठी याचा अर्थ काय?

निर्णय इंजेक्शनच्या वेळी होत नाही, तो कितीतरी आधी होतो. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी गर्भाचे वय काही दिवसांच्या फरकाने सांगते. सातव्या महिन्यातली पहिली सोनोग्राफी दोन-तीन आठवडे चुकू शकते आणि इथे दोन-तीन आठवडे म्हणजेच सगळे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात होणारी मोफत तपासणी याच कारणासाठी लवकर गाठायला हवी. शेवटच्या पाळीची तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर पहिल्याच भेटीत लिहिलेली हवी आणि कार्ड प्रवासात सोबत हवे. माहेरी बाळंतपणाला जाताना ते सासरी राहिले, तर रात्री दोन वाजता कळा घेऊन आलेल्या स्त्रीपुढे डॉक्टरकडे फक्त अंदाज उरतो.

एएनएमने पहिला डोस देऊन पाठवण्याची मुभा आजही उपयोगाची आहे. अट एवढीच, की जिथे पाठवले तिथे एसएनसीयू चालू असावे, गाडी वेळेवर मिळावी आणि इंजेक्शन देताना ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, आधीच गेलेले पाणी हे पाहिलेले असावे. जन्मानंतर लगेच बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत याच साखळीत येते. भारतासह पाच देशांतील ३,२११ कमी वजनाच्या बाळांवरील चाचणीत ती लगेच सुरू केल्याने २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. हा फरक इंजेक्शनच्या तोडीचा आहे आणि त्याला कुपी लागत नाही. लागते ती नवजात कक्षात आईसाठी खाट. आपल्या बहुतेक कक्षांत ती अजून नाही.